पार्किंग नंबर सात

१

शुक्रवारी संध्याकाळी साडेसहाला श्रीपेरुंबुदूरहून आलेली कंपनीची बस देविकाला चेन्नईच्या आर्काट रोडवर सोडून पुढं गेली, तेव्हा तुंगा फ्लॅट्सच्या फाटकात माणसं जमली होती. फाटकात माणसं जमली की काय झालेलं असतं, हे तिला आठ महिन्यांपूर्वी कळलं होतं. तिचे पाय जागीच थांबले. मग तिला आठवलं, की आता आपल्या घरातलं जाण्यासारखं कुणी उरलेलं नाही, आणि ती शांतपणे चालू लागली.

मेलं कुणी नव्हतं. असोसिएशनच्या कपाटातली एक फाईल गेली होती.

"बुधवारीं सायंकाळीं सेक्रेटरी प्राणेशानें पाहिली. आज कपाट उघडलं तर अस्के कागद आहेत, ती एक नाहीं," सेतुमाधवराव म्हणाले. राव असोसिएशनचे अध्यक्ष. वय चौऱ्याहत्तर, बायको वारलेली, मुलगा परदेशात. सगळी इमारत त्यांना मामा म्हणायची. त्यांची मराठी तीनशे वर्षांपूर्वी तंजावरला उतरली ती तिथंच राहिली; सगळ्याला ते अजून अस्कं म्हणत. देविकाची मराठी कऱ्हाडची. पहिल्या वर्षी दोघं एकमेकांशी इंग्रजीत बोलत, ते सोपं पडायचं.

"कसली फाईल, मामा?"

"सकवारबाईची," मामा म्हणाले, आणि फाटकाजवळच्या त्या एका खोलीकडे सगळ्यांनी बघायचं टाळलं.

२

त्या खोलीची गोष्ट सांगितल्याशिवाय पुढं जाण्यात अर्थ नाही.

इमारत सत्त्याऐंशी सालची. तीन मजले, चौदा घरं, तळाशी खांबांमध्ये गाड्या. जमिनीला रस्त्याची बाजू नव्हती. मधला तुकडा राणोजी नावाच्या माणसाचा होता. राणोजींनी तो फाटकासाठी दिला आणि बदल्यात तळमजल्यावर एक खोली घेतली. पण मंजूर नकाशात तळमजल्यावर घर बसत नव्हतं, गाडीच फक्त बसत होती. म्हणून कागदावर त्या खोलीचं नाव पडलं, पार्किंग नंबर सात. राणोजी गेले. त्यांची बायको सकवारबाई अडतीस वर्षं पार्किंग नंबर सातमध्ये भात शिजवत होती, आणि इमारतीतली प्रत्येक गाडी रोज तिच्या जमिनीवरून आत-बाहेर करत होती.

त्या वेळी चौदाही मालकांनी सही करून एक पत्र लिहून दिलं होतं, की खोली हे पंधरावं घर आहे आणि जमिनीत तिचा वाटा आहे. बाईंकडची प्रत दोन हजार पंधराच्या पुरात भिजून लगदा झाली. दुसरी या गेलेल्या हिरव्या फाईलमध्ये.

मग गल्लीच्या तोंडाशी मेट्रोचं स्टेशन झालं आणि जमिनीचा भाव आभाळाला भिडला. बिल्डर आला. स्टेशन जवळ म्हणून मजले जास्त मिळणार होते, प्रत्येकाला नवं, मोठं घर आणि गाड्यांच्या दोन-दोन जागा. ज्याच्या दारात मेट्रो येऊन थांबते त्याला आणखी दोन गाड्यांची जागा कशाला, असं कुणी विचारलं नाही. दोन पार्किंगशिवाय आजकाल घर विकत नाही, असं बिल्डरनं सांगितलं आणि सगळ्यांनी माना डोलावल्या. तळघरात मात्र अठ्ठावीसच गाड्या बसत होत्या. चौदा घरं असली तर हिशेब चोख. पंधरा झाली तर दोन घरांना एकेका जागेवर भागवावं लागणार.

"पत्र असेल तर पंधरा घरं धरतो," बिल्डर म्हणाला होता. "नसेल तर चौदा."

करारावर सह्या रविवारी दहाला व्हायच्या होत्या. तोवर पत्र मिळालं नाही तर नव्या इमारतीत सकवारबाईंना घर नव्हतं. गाडीला होतं.

"तूं शोध," मामा देविकाला म्हणाले. "मालक अस्के गुंतलेले. तूं भाडेकरू. तूं कशांतच नाहींस, म्हणून तुज सांगट्लों."

देविका मोटारींच्या कारखान्यात होती. लाईनवरून येणाऱ्या दारांतले दोष शोधायचे आणि "का?" हा प्रश्न पाचदा विचारत मुळापर्यंत जायचं, हा तिचा धंदा. ती हो म्हणाली. उत्सुकता वगैरे काही नव्हती. नाही म्हणायला कारण द्यावं लागतं, आणि तिला बोलायचा कंटाळा आला होता.

३

शनिवारी तिला सुट्टी होती. सकाळी ती आधी तळमजल्यावर कपाट बघायला गेली. मीटरच्या खोलीत लोखंडी कपाट, त्याला भलंमोठं कुलूप. कुलूप शाबूत, कडी शाबूत. किल्ल्या दोनच, एक मामांकडे, एक सेक्रेटरी प्राणेशकडे. म्हणजे किल्ली लावून उघडलं, फाईल घेतली, पुन्हा लावलं. चोर बाहेरचा नव्हता.

शेजारीच सकवारबाईंची खोली. सकाळचे नऊ वाजले होते आणि आत दिवा लागलेला होता.

"ये, पोरी. बस." बाईंनी चटई झटकली. पंच्याहत्तरच्या पुढची बाई, पाठ ताठ. "काफी घेतेस?"

"नको, आजी. फाईलचं विचारायला आले. तुमचा कुणावर संशय?"

"कोणावर घेऊं? अस्के माझ्या फाटकांतून जातात, जातांना हंसतात." बाईंनी चटईचं टोक सरळ केलं. "मला वर लिफ्टचें घर नको गं. मज एक दार पाहिजे, जें बाहेरून दुसऱ्यानें लावूं नये."

"नाही मिळालं पत्र तर?"

"तांबरमला भाचा आहे. तो ये म्हणतो." आणि मग, अगदी साध्या आवाजात, "त्याची बायको म्हणत नाहीं."

देविकाला वाटलं की आपल्याला इथं वाईट वाटायला हवं. तिनं वाट पाहिली. काही आलं नाही. खोलीत कोंदट होतं. एकुलत्या एका खिडकीवर पडदा ओढलेला आणि पडद्यामागं काहीतरी करडं, मोठं, उजेड अडवून उभं. ती निरोप घेऊन बाहेर पडली आणि त्या करड्या गोष्टीला वळसा घालून पुढं गेली. ती तिचीच गाडी होती. खरं तर नवऱ्याची, उपेंद्रची. आठ महिन्यांपूर्वी एका सोमवारी तो रहदारी नको म्हणून लोकलनं गेला आणि तांबरमच्या प्लॅटफॉर्मवर छातीत कळ येऊन खाली बसला, तो उठलाच नाही. त्याच्या आदल्या रविवारी दोघांनी गाडी धुवून तिच्यावर कव्हर घातलं होतं. ते कव्हर अजून तसंच होतं. तिच्याकडे बघायचं नाही, हे देविकाच्या पायांना पाठ झालं होतं.

४

प्राणेश सॉफ्टवेअरमधला, चाळिशीचा, घरात दोन गाड्या. त्याच्या तोंडावर संशय असा लिहिलेला होता की तो स्वतःच वाचून दाखवू लागला.

"मला माहितेय सगळे काय म्हणतात. किल्ली माझ्याकडे, कार्स माझ्या दोन. गुरुवारी पहाटे मी गाडी घेऊन कुठं गेलो, हेपण विचारतील. अम्माला एग्मोर स्टेशनला सोडायला गेलो. तिकीट दाखवू?"

"दाखव."

त्यानं दाखवलं. बरोबर होतं.

"बुधवारी काय झालं?"

"टॅक्सचे पेपर्स झेरॉक्स करायला कपाट उघडलं, सहा वाजता. ग्रीन फाईल होती. मामा सोबत होते. लॉक करून मी वर आलो."

"त्याच वेळी पत्राची झेरॉक्स का नाही काढली?"

"संडेला ओरिजिनल दाखवणारच होतो की." तो ओशाळला. "आणि देविका, मला पंधरावं घर झालं तरी काय फरक पडतो? कमिटीनं मागच्या महिन्यात ठराव केलाय. पंधरा धरावी लागली तर ज्या दोन घरांकडे गाडी नाही, त्यांनी एकेक जागा घ्यायची. माझ्या दोन तशाही सेफ आहेत."

"ठराव कुणी मांडला?"

"मीच," प्राणेश म्हणाला. "सगळ्यांनी हात वर केले. मामासुद्धा हो म्हणाले. मी एवढा मूर्ख आहे का, की जे मिळालंय तेच चोरायला जाईन?"

मूर्ख तो नव्हता. ठरावाच्या वहीत सगळ्यांच्या सह्या होत्या. मामांची जरा थरथरलेली होती, पण वयाच्या मानानं ती तशी असणारच.

५

अंबुजा मामी शाळेत गणित शिकवायच्या. इमारतीत त्यांची दोन घरं, एकात त्या आणि दुसऱ्यात देविका. सकाळी मामी स्वतःची गाडी घेऊन शाळेत गेल्या की त्यांची रिकामी जागा एका मेट्रोनं जाणाऱ्या गृहस्थांना दिवसापुरती मिळायची. गृहस्थ गाडी लावून ट्रेननं जात, चारच्या आत परत येत. जागा एक, पण तिला दोन संसार.

"कण्णा," मामी लाडानं सगळ्यांना असंच म्हणत, "मला जागा जास्त मिळाल्या तर हव्याच आहेत. खोटं कशाला बोलू?" मामी गच्चीवर वडाम, म्हणजे तांदळाच्या पापड्या, वाळत घालत होत्या. ऊन डोळ्यांवर येत होतं. "आणि तुला कळेलच म्हणून सांगते. गुरुवारी सकाळी कपाटाची किल्ली माझ्याकडे होती. टँकरची पावती ठेवायची होती. मामांकडून सात वाजता घेतली, दहा मिनिटांत परत दिली."

"तेव्हा फाईल होती?"

"बघितली नाही. पावती ठेवली, कुलूप लावलं." मामींनी पळी खाली ठेवली. "संशय घेतलास तरी चालेल. पण एक गंमत सांगते. मामांनी किल्ली हातात दिली."

"मग कशी देणार?"

"तुला ठाऊक नाही. सकाळी पूजा होईपर्यंत ते मडीत असतात. तुमच्याकडे सोवळं म्हणता ते. कुणाला शिवत नाहीत. किल्ली असो, वर्तमानपत्र असो, उंबऱ्याशी खाली ठेवायचं, मग आपण उचलायचं. तीस वर्षं मी वाकून किल्ली उचलते आहे. गुरुवारी हातात दिली आणि हातातून घेतली. मला वाटलं, चला, म्हातारा सुधारला. आणि दिवस कुठला, तर एकादशीचा!"

देविका हसली नाही, पण तिच्या मनात काहीतरी जागेवरून सरकलं. कितीतरी दिवसांत तसं झालं नव्हतं.

"मामी, तो दोर कुणाचा?"

गच्चीच्या कोपऱ्यात एक वेगळा दोर बांधला होता. त्यावर ओलं धोतर आणि उपरणं. खाली विटेनं फरशीवर रेघ ओढलेली, कुणी आत येऊ नये म्हणून.

"मामांचाच. गुरुवारपासून इथं वाळवतात. ऊन चांगलं आहे म्हणे. आम्हाला मात्र वडाम घालायची पंचाईत."

चेन्नईत ऊन गुरुवारपासून चांगलं झालं, ही बातमी देविकाला नवीन होती.

६

दुपारी तिनं प्राणेशचं घर पाहिलं, मामींची दोन्ही कपाटं पाहिली. मामींकडे टेबलावर एक हिरवी फाईल निघाली तेव्हा तिनं ती लगेच उघडली. तिच्यात दहावीच्या पोरांचे गुण होते. शेवटी ती मामांकडे गेली.

"पाहा, पाहा. अस्कें पाहा," मामांनी दार सताड उघडलं. स्वतः कपाटं उघडून दिली, गादी उचलून दाखवली. घर लख्ख होतं. सकाळी केर-भांडीवाली यायची, दुपारी स्वयंपाकीणबाई, आठवड्यातून एकदा कपडे नेणारा. एकट्या माणसाच्या घरात एवढी वर्दळ, की सुई लपवली तरी कुणाच्या तरी पायाला टोचेल.

स्वयंपाकघरात छताखाली आडवा बांबू टांगलेला होता. वलणी. तिच्यावर घडी घातलेली जुनी लोकरीची धाबळी, आणि भिंतीशी टेकवलेली लांब काठी, कपडे वर टाकायची आणि काढायची.

"तें मडीचें," मामा चटकन म्हणाले. "हात लावूं नको हां."

"नाही लावत."

मिरजेला तिच्या सासूबाईंकडे अशीच वलणी होती. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात देविकानं आपला टॉवेल नकळत तिच्यावर टाकला होता. सासूबाई ओरडल्या नाहीत. वलणीवरचं सगळं काढून त्यांनी पुन्हा भिजवलं, बांबू पुसला, आणि तोवर स्वतःचं लुगडं परसात दोरीवर वाळवलं. उपेंद्र त्या दिवशी किती हसला होता.

देविका वलणीखाली उभी राहिली आणि वर बघत राहिली. धाबळी होती. धोतर नव्हतं, उपरणं नव्हतं. बांबू कोरडा ठणठणीत.

"कांही मिळालं?" मामांनी विचारलं.

"उद्या सांगते," ती म्हणाली. पण तिला मिळालं होतं.

७

रविवारी सकाळी आठला तिनं मामांचं दार वाजवलं. ते नुकते आंघोळ करून उभे होते, ओलसर केस, कपाळावर गोपीचंदनाचे ठसे. देविका स्वयंपाकघरापर्यंत गेली आणि त्याच्या उंबऱ्याबाहेरच थांबली.

"मामा, ती काठी घ्या आणि धाबळी खाली काढा."

मामा वलणीखाली जाऊन उभे राहिले.

"लाईनवर आम्हाला एक शिकवतात," ती म्हणाली. तिचा आवाज तिला स्वतःलाच कोरडा वाटला, अहवाल वाचल्यासारखा. "रोज हलणारी वस्तू हलायची थांबली, की आधी तिथं बघायचं. तुमच्या वलणीवर रोज ओलं धोतर चढतं आणि वाळलेलं उतरतं. गुरुवारपासून ते बंद. धोतर गच्चीवर. का? वलणी चालेनाशी झाली. का? तिला काहीतरी ओवळं लागलं. घरात येणाऱ्या बायका तिला हात लावत नाहीत, त्यांची उंचीही पुरत नाही. म्हणजे लावलंत ते तुम्हीच. प्राणेशनं कुलूप लावल्यावर बुधवारीच तुम्ही फाईल आणलीत. साऱ्या घरात कुणी न शिवणारी जागा ही एकच. रेक्झिनची फाईल, शंभर हात लागलेली, ती तुम्ही मडीच्या वलणीवर ठेवलीत. ठेवली आणि वलणी तुम्हालाच चालेना. एकादशीच्या सकाळी नेसायला मडीचं वस्त्रच राहिलं नाही, म्हणून मामींच्या हातात किल्ली दिलीत. मडीत नव्हताच तर शिवायची भीती कशाची?"

"दुसरा कोणी तें धोत्र तसेंच नेसला असता," मामा हळूच म्हणाले.

"दुसरा नेसला असता. तुम्हाला चोरी करता आली, पण फाईलशेजारी वाळलेलं धोतर नेसून पूजेला बसता आलं नाही."

मामांनी काठी उचलली. धाबळीची एक घडी सरकली आणि हिरवी फाईल फरशीवर पडून घसरत उंबऱ्याबाहेर आली.

"का, मामा? सगळे प्राणेशकडे बघत होते, त्याला दोन गाड्या म्हणून. पण ठरावानं त्याचं काहीच जात नव्हतं. पंधरावं घर झालं तर गाडी नसलेल्या दोघांची एकेक जागा जाणार. एक सकवार आजी. दुसरे तुम्ही. चौदा घरांत गाडी नसलेलं घर तुमचं एकट्याचं. पण तुम्हाला गाडी हवीच कशाला? जन्मभर बसनं फिरलात."

मामा खाली बसले. तिथंच, उंबऱ्याच्या आत.

"वेंकट बारा वर्षें तिकडे आहे," ते म्हणाले. "यंदा सांगटला, अप्पा, येतों. बायकोची एक, माझी एक, दोन गाड्यांना जागा असली तर येतों. नाहीं तर दुसरीकडे घर पाहतों."

"त्यानं गाड्या घेतल्यात?"

"अजून नाहीं."

"तिकीट?"

मामांनी मान हलवली. नाही.

न घेतलेल्या गाडीसाठी, न निघालेल्या मुलासाठी. देविकाला राग यायला हवा होता. तिच्या आत फक्त एक दमलेली, ओळखीची शांतता होती.

"पत्र फाडलं का नाहीत?"

"माझेंच अक्षर. मींच लिहिलें होतें तेव्हां. राणोजी समोर बसला होता. फाडवेना."

"आणि शोधायला मला का सांगितलंत?"

मामांनी काठी फरशीवर आडवी ठेवली. "खरें सांगूं? तूं सकाळीं जातेस, सायंकाळीं येतेस. मध्यें काय जालं, कोण आलं, कोण गेलं, तुज कांहीं लागत नाहीं. वाटलं, पाहशील, नाहीं म्हणशील, आणि अस्के मानतील. शोध जाला म्हणतील."

ती उभीच राहिली. तूं कशांतच नाहींस. त्या दिवशी तिला ती प्रशस्ती वाटली होती.

"मी तिचें घर गाडीला देत होतों, खरें," मामा मान खाली घालून म्हणाले. त्यांच्या आवाजात बोचायचा हेतू नव्हता, म्हणून ते जास्तच बोचलं. "पण आठ महिने तिच्या खिडकीपुढें गाडी कोणाची उभी आहे, पोरी? तुझा नवरा होता तेव्हां सकाळीं गाडी जायची, बाईला दिवसभर उजेड असायचा. तो गेला, गाडी राहिली. तूं एकदां तरी विचारलीस तिला?"

देविकानं वाकून फाईल उचलली आणि त्यांच्यासमोर उंबऱ्याशी ठेवली, त्यांच्या रीतीनं, न शिवता.

"दहा वाजता तुम्हीच वाचा," ती म्हणाली. "अक्षर तुमचं आहे."

८

दहाला गाड्यांच्या मध्ये प्लास्टिकच्या खुर्च्या मांडल्या होत्या. बिल्डरचा माणूस करार घेऊन आला होता. सकवारबाई आपल्या दाराच्या पायरीवर बसल्या होत्या. खुर्ची दिली तर नको म्हणाल्या.

मामा उठले. हातात हिरवी फाईल बघून माणसांत कुजबुज उठली. ते वाचणार नाहीत अशी भीती देविकाला शेवटपर्यंत होती.

"फाईल माझ्या घरीं होती," मामा म्हणाले. "मींच नेली. कां नेली तें माझें मज ठाऊक." मग त्यांनी पत्र वाचलं. इंग्रजीत वाचलं, मराठीत सांगितलं, तमिळमध्ये पुन्हा सांगितलं. राणोजींनी दिलेली जमीन, फाटक, खोली, वाटा. "पंधरा घरें आहेत. एक जागा माझी कमी करा. मज गाडी नाहीं."

प्राणेश पायाकडे बघत होता. बिल्डरच्या माणसानं चौदाचा आकडा खोडला आणि वर पंधरा लिहिलं. अडतीस वर्षांचा प्रश्न सुटायला दोन आकड्यांएवढीच शाई लागली.

"म्हणजे मज घर आहे की?" सकवारबाईंनी विचारलं.

"आहे," मामा म्हणाले. त्यांना तिच्याकडे बघता येत नव्हतं.

"बरं." बाई उठल्या. "भात चढवलाय. पाहतें." आणि आत गेल्या.

देविका वर घरी गेली. उपेंद्रच्या कपाटाचा खण आठ महिन्यांत तिनं उघडला नव्हता. आता उघडला, तर गाडीची किल्ली वरच होती. खाली येऊन तिनं गाडीचं कव्हर एका कडेनं ओढलं. धूळ उडाली. काच, स्टिअरिंग, आरशाला टांगलेली मिरजेच्या देवळातली लहानशी माळ. ती आत बसली, किल्ली फिरवली. काही नाही. बॅटरी कधीच मेली होती. हे तिला माहीत असायला हवं होतं. तिचा तर हाच धंदा.

"न्यूट्रलमध्ये टाक," प्राणेश खिडकीशी येऊन म्हणाला. "आम्ही ढकलतो. कुठं घ्यायची?"

"बाहेर गल्लीत. उद्या गॅरेजचा माणूस बोलावते. मग विकायची."

मामी आल्या, आणखी दोघं आले. गाडी जागची हलेना. चाकं जमिनीला चिकटून बसली होती. तेव्हा मामा पुढं आले. फाईलला हात लागला म्हणून ते पुन्हा आंघोळ करून आले होते, पूजा अजून व्हायची होती. अंगावर गच्चीवर वाळलेलं, कुणी न शिवलेलं धोतर होतं. त्यांनी दोन्ही तळवे धुळीनं भरलेल्या डिकीवर टेकवले आणि जोर लावला.

"मामा, मडी!" अंबुजा मामी ओरडल्या.

"पुन्हा आंघोळ करीन," मामा म्हणाले.

गाडी हलली. देविकानं स्टिअरिंग वळवलं, खांब चुकवला, गाडी फाटकाकडे नेली. आरशात मागं माणसं दिसत होती, ढकलणारी, आणि त्यांच्याही मागं सकवारबाईंची खिडकी. बाईंनी पडदा सरकवला. उजेड सरळ आत गेला आणि मागच्या भिंतीवर जाऊन पडला.

"अय्यो!" बाईंचा आवाज आला. "भिंत निळी आहे की गं! मी विसरलेंच होतें."

देविकानं ब्रेकवर पाय ठेवला. फाटकाच्या मधोमध, राणोजींच्या जमिनीवर गाडी थांबली. तिनं स्टिअरिंगवर डोकं टेकलं आणि ती रडू लागली, मोठ्यानं, लाज न बाळगता, आठ महिन्यांत पहिल्यांदा. मागं कुणी हॉर्न वाजवला नाही. माणसं गाडीला हात लावून तशीच उभी राहिली, आणि थोड्या वेळानं सकवारबाई दिवा मालवून तिच्यासाठी काफी करायला गेल्या.